आधी पाण्याचं बघा

६ जुलै १९९७, रविवार

ही डायरी मुलाने, पंकजने जानेवारीत दिली. औषध कंपनीची आहे, पानापानावर खोकल्याच्या बाटलीचं चित्र. "दादा, रिटायर झालात, रोज काहीतरी लिहीत जा, डोकं शांत राहतं," म्हणाला. सावेडीच्या फ्लॅटमध्ये पंख्याखाली बसून सल्ले द्यायला पोराचं काय जातं! अर्धं वर्ष डायरी कोरीच पडली होती. आज डोकं खरंच तापलंय, म्हणून काढली.

ताप असा. आमच्या सौभाग्यवती रेशमाच्या अळ्या पाळतात. घरामागे तुती आहे. कोष विकायचे तर थेट कर्नाटकात जावं लागतं आणि तिथला व्यापारी आपल्याला बघूनच तोंड वाकडं करतो. म्हणून हिने रेशीमवाल्यांच्या शिबिरात जाऊन घरीच धागा काढायला शिकून घेतलं. उकळत्या कढईत कोष टाकायचे, सुटलेली टोकं बोटांनी धरायची, सात-आठ कोषांची टोकं एकत्र करून चाकावर द्यायची. ही कढईपाशी बसते, शेजारची गोजरबाई हाताने चाक फिरवते. धागा येवल्याचा सहादेव नेतो, पैठणीसाठी.

आज सहादेव आला होता. म्हणाला, "वहिनी, माल झ्याक हाय. पन एवढ्यानं माझा एक माग चालत न्हाई. दिवाळीपतूर वाढवा, न्हाईतर म्या आपला बंगलोरचाच घेतो."

हिचं तोंड एवढंसं झालं. तीन वर्षं खपून उभं केलेलं काम आहे तिचं. मी लगेच सांगितलं, काळजी करू नको, साखर कारखान्यात जन्मभर फिटर होतो, तुझ्या चाकाला मोटार बसवतो. तर म्हणते काय, "चाकाचं ऱ्हाऊ द्या. आधी पान्याचं कायतरी बघा."

पाण्याला काय बघायचं? खाली जाळ लावला की पाणी उकळतं, त्यात यंत्र कसलं आलंय? तासभर तिला पुली, पट्टा, गती समजावून सांगितलं. गाढवापुढे वाचली गीता.

१९ जुलै, शनिवार

जुन्या कडबाकुट्टीची मोटार काढली, धुऊनपुसून चरख्याला जोडली. चालू केली मात्र, चाक असं सुटलं की कढईतले कोष उडून भिंतीवर! कोंबड्यांची चंगळ झाली. धाग्याचा गुंता बघून गोजरबाई हसत सुटली ती हसतच राहिली. ही मात्र हसली नाही. गप गुंता सोडवत बसली. एक वेळ हसलेलं परवडतं.

पुली मोठी पाहिजे. जामखेडला जाऊन आणतो.

३ ऑगस्ट, रविवार

जमलं! चाक असं एका लयीत फिरतंय की कारखान्याच्या साहेबांनी येऊन बघावं. गोजरबाईचा खांदा सुटला. ती दोनदा म्हणाली, "भाऊसाहेब, तुमचं भलं व्हईल." घरच्या माणसाने एकदा तरी म्हणावं की नाही?

आता वेगळीच कटकट. पूर्वी गोजरबाई दमली की चाक थांबायचं. आता चाक थांबत नाही, हीच थांबते. कोष संपला की नवीन टोक पटकन द्यायला नको का? ही टोक धरते, हात बाहेर काढते, फुंकर मारते, पुन्हा घालते. तोवर धागा बारीक पडतो. "जरा हात चालव की," म्हटलं.

"चाकाला कातडं न्हाई. मला हाय," म्हणाली.

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी बघतो तर मोटार चालू, चाक रिकामं फिरतंय आणि बाईसाहेब पडवीत पाण्याच्या माठाला दोन्ही तळवे लावून बसलेल्या. डोळे मिटलेले. माठाला मिठी मारायची ही काय वेळ आहे? विजेचं बिल कोण भरणार? ओरडलो तशी उठली आणि एक अक्षर न बोलता कढईपाशी गेली.

न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं, हे मला चाळीस वर्षांत समजलेलं नाही. ही एरवी बोलायला लागली तर गाव ऐकतं. हल्ली नुसती मुकी.

९ सप्टेंबर, मंगळवार

माल वाढलाय. सहादेव खूश. पहिल्यापेक्षा दुप्पट तरी धागा निघतो. मी म्हटलं होतं ना?

आज ताटातली भाकरी वेगळीच होती. पातळ, गोल, पापुद्रा टम्म फुगलेला. हिची भाकरी कायम जाड आणि कडेला फुटकी. त्यावर लग्नापासून आमची भांडणं आहेत. विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणे, "पीठ बदाललं." पीठ बदललं म्हणून हात बदलतो होय? पण चांगलं मिळतंय तर कशाला विचारा.

गोजरबाई सारखी आमच्या चुलीपुढे दिसते. चाकातून सुटका केली ती काय आमच्या स्वयंपाकघरात ठाण मांडायला?

खंडेनवमी

यंत्राची पूजा. कारखान्यात आम्ही टर्बाइनला हार घालायचो, तसा आज चरख्याला घातला. ही हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. मी बजावलं होतं, हळद लांबून वाहा, धाग्याला लागली तर जन्मात निघणार नाही. तरी हिने मोटारीला बोटं ओढलीच, चाकाला ओढलीच. कढईला तर वाकून नमस्कार केला. मोटारीला नाही केला! कढईत माझं काय आहे? मी मेहनत केली ती मोटारीवर.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

व्हायचं ते झालंच. सहादेवने धाग्याच्या लडी परत पाठवल्या. प्रत्येक लडीवर पिवळे डाग. बोटांएवढे, अगदी ओळीने. निरोप असा की पांढरा धागा मागितला होता, हळदीचा नाही, आणि पुन्हा असं झालं तर नमस्कार.

माझा तोल सुटला. अंगणात उभा राहून बोललो. पूजेला नको म्हणत होतो, सांगून सांगून जीभ झिजली, पण या घरात माझं ऐकतं कोण? यंत्र मी करायचं आणि अंधश्रद्धेने ते तुम्ही बुडवायचं! गोजरबाई मध्ये काहीतरी बोलायला पुढे आली, "भाऊसाहेब, ती हळद..." पण हिने तिच्याकडे असं बघितलं की ती गप्पच झाली.

"व्हय," ही म्हणाली, "पूजेचीच आसंल."

एवढंच. चूक मान्य केली, हे बरं झालं.

रात्री चहा उकळून उतू जायला लागला तर हिने पातेलं सांडशी न घेता नुसत्या हाताने उचललं आणि शांतपणे खाली ठेवलं. मी उगाच नाही म्हणत, बायकांना चटका म्हणून लागत नाही. माझा कप मला धरवत नव्हता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जामखेडच्या शेतकरी मेळाव्यात आमचं यंत्र मांडलं होतं. साहेब लोक आले, तहसीलमधले आले, कुणीतरी फोटोही काढला. मी पुलीचं गणित सांगितलं. ही कढईवर बसली. असा धागा काढला की बघणारे थक्क. लोक म्हणाले, "भाऊसाहेब, डोकं लावलंत."

मग सत्कार. मला शाल. हिला साडी आणि नारळ. साहेब नारळ पुढे करून उभे आणि हिचे दोन्ही हात पदराखाली! साहेब उभे, मी खुणावतोय, सगळा मांडव बघतोय. शेवटी हिने पदरच पुढे केला आणि ओटी घेतात तसा नारळ पदरात घेतला. साहेब हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारचौघांत हात पुढे करायची एवढी कसली लाज?

येताना टेम्पोत बोललो नाही तिच्याशी. तीही बोलली नाही. तिला त्याचं काही वाटलेलंही दिसलं नाही, हे जास्त लागलं.

दिवाळी पाडवा

काय लिहू.

पाडव्याला बायकोने नवऱ्याला तेल-उटणं लावून आंघोळ घालायची, ही आमच्याकडची रीत. दरवर्षी असते. पहाटे पाटावर बसलो. ही मागे. तेलाची वाटी वाजली. पाठीवर पहिला हात फिरला आणि मी कळवळलो. म्हटलं, "अगं, मी काय खरकटं भांडं आहे का? तो काथ्या बाजूला ठेव आधी, सोलून काढशील!"

हात थांबला. 

"काथ्या न्हाई," ती म्हणाली. "हात हायत."

मी वळलो. तिने हात मागे नेले. मी ओढून पुढे आणले. दिव्याजवळ धरले.

तळवे पांढरेफटक, जाड, भेगाळलेले. भेगांत हळद बसलेली, तेलात कालवून रोज लावायची ती. बोटांची टोकं गुळगुळीत, नुसती चकाकणारी. नखांच्या कडा कुजल्यासारख्या. मी चाळीस वर्षं ओळखतो त्या हातांना. हे ते हात नव्हते.

"दुखतं?"

"पयलं लई दुखायचं. आता न्हाई. आता कायच कळत न्हाई."

हे ती अशी म्हणाली की जणू बरं वाटल्याचं सांगतेय.

मी म्हटलं, सांगितलं का नाहीस? तर माझ्याकडे बघतच राहिली. "सांगितलं व्हतं की. आखाडात. तुमी म्हनला, पान्याला काय बघायचं."

हळद पूजेची नव्हती. भाकरी गोजरबाईची होती. ओला गोळा हिच्या हाताला चिकटून सालं निघायची, म्हणून. आणि पातेल्याचं तर मी कौतुक केलं होतं! मी चाक पळवलं आणि ते पळणारं चाक गाठायला ही उकळत्या पाण्यात हात घालत राहिली. सत्काराची शाल मी खुंटीवर टांगली आहे. आता तिच्याकडे बघवत नाही.

आंघोळ तशीच राहिली. ही देवापुढे रांगोळी काढायला गोजरबाईला हाक मारत होती, तोवर मी मागे जाऊन कढई पेटवली. पाणी रोजच्यासारखं उकळू दिलं आणि हात घातला. किती वेळ ठेवू शकलो ते लिहायची लाज वाटते.

३ नोव्हेंबर, सोमवार

जामखेडचे डॉक्टर म्हणाले, मलम लावा, हात पाण्यातून काढा, कातडी येईल. कळ आणि चटका परत समजायला लागेल का, ते नक्की सांगता येणार नाही. मी म्हटलं, म्हणजे काय? बेअरिंग बदललं की चालेल की नाही, हे मी सांगायचो. डॉक्टर म्हणाले, हे बेअरिंग नाही.

दवाखान्याच्या पायरीवर मी सांगून टाकलं, धंदा बंद. कोष विकू, नाहीतर तुती उपटू. ती चपला घालत होती. थांबली.

"ह्ये काम माझं हाय. तुमी रिटायर झाला, म्या न्हाई."

एसटीत तोंड खिडकीकडे करून बसली. मुकेपणा गेला एकदाचा, पण आता बोलते ते असं बोलते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तिला न विचारता मोटार काढून टाकली. वाटलं, निदान हे तरी बरोबर करतोय. ती आली, बघितलं आणि कडाडली.

"मोटार कशाला काढली? मोटारीनं काय घोडं मारलं? गोजरबाईचा खांदा पुन्हा धरंल की! मोटार ऱ्हाऊ द्या. पान्याचं बघा, पान्याचं! किती वेळा सांगू? शिजवायची कढई येगळी करा. धागा काढायची येगळी, कोमट. ते साहेब शिबिरात सांगत व्हते, दोन कढया आसत्यात म्हनून."

म्हणजे हे जगात आधीच आहे! मग पहिल्या दिवशी एवढं सविस्तर सांगायला काय झालं होतं?

"तुमी बोलू दिलं आसतं तर," म्हणाली.

मोटार परत बसवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

उकळत्या कढईत हात न घालता टोकं सोडवायची तर कसला तरी कुंचा पाहिजे. घरात नवी केरसुणी होती. तिचा बुडखा कापून झकास कुंचा बांधला. नेऊन दाखवला. हिचा चेहरा बघून मागे सरलो.

लक्ष्मीपूजनाला याच केरसुणीला हळदकुंकू वाहिलं होतं म्हणे. "लक्ष्मी हाय ती! किड्याच्या कढईत घालताय लक्ष्मीला?"

डोक्यावर हात मारून घेतला. चांगलं करायला जावं तर हात दाखवून अवलक्षण. शिवाय केरसुणी राठ, कोष फाडते. भाताचा पेंढा मऊ असतो म्हणाली. जामखेडात भाताचा पेंढा मागणं म्हणजे समुद्राकाठी बाजरी मागणं. अकोले तालुक्यातल्या कानिफनाथला फोन केला, तिकडे भात पिकतो. कारखान्यात माझ्या हाताखाली होता. म्हणाला, "काका, पेंढ्याचं काय यवढं? गाडीभर घ्या." मूठभर पाहिजे म्हटलं तर हसला.

३० नोव्हेंबर, रविवार

दोन कढया झाल्या. पहिली चुलीवर, उकळती. तिथे गोजरबाई कोष शिजवते, पेंढ्याच्या कुंच्याने टोकं सोडवते, मग झाऱ्याने कोष दुसरीत टाकते. दुसरीला जाळ नाही. ही तिथे बसून धागा देते. चाकाची गतीही कमी केली. आता हिचा हात थांबला की चाक थांबवायचं, त्यासाठी तिच्या पायापाशी दाबायची पट्टी बसवली आहे. हे मात्र माझं डोकं, कुठल्या शिबिरातलं नाही.

एक अडचण राहिलीच. झाऱ्याबरोबर उकळतं पाणी येतं, दुसरी कढई हळूहळू तापते, आणि हिच्या हाताला ते कळतच नाही. परवा वाफ निघायला लागली तरी ही आपली धागा देतेय! थर्मामीटर आणला. गोजरबाईने पहिल्याच दिवशी झाऱ्याने फोडला.

मग हिने सांगितलं, तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना कोपर घालून पाणी बघतात, तसं तुम्ही बघायचं.

"तुझं कोपर कुठे गेलं?"

"माझं हात कामात हायत. तुमचं कोपर रिकामंच हाय."

झालं. साखर कारखान्याचा फिटर, जामखेडात शाल मिळालेला माणूस, आता स्टुलावर बसून सदऱ्याची बाही वर करतो आणि कढईत कोपर बुडवतो. जरा पेपर उघडला की हाक, "अवो, पानी बघा." चहा घेतला की, "अवो, पानी." उठून विडी ओढायला गेलो तर दोघी मिळून मला शोधायला निघतात. गावात बातमी पसरलीये. काल पारावर कुणीतरी विचारलं, "काय भाऊसाहेब, बाळाची आंघूळ झाली का?"

पंकजला फोनवर सगळं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, आईला द्या." मी रिसीव्हर तिच्या कानाला धरून उभा राहिलो. ती "बरी हाय, बरी हाय" एवढंच म्हणत होती.

१४ डिसेंबर, रविवार

माल पूर्वीपेक्षा जास्त, मेळाव्याच्या वेळेपेक्षा कमी. सहादेवला हे चालेल की नाही, माहीत नाही. पुढच्या आठवड्यात स्वतः येऊन बघतो म्हणालाय. हिला त्याची धास्ती. मला हातांची.

कातडी नवी येतेय, गुलाबी. मलम मीच लावतो, कारण ती लावते म्हणते आणि लावत नाही. लावताना रोज विचारतो, "कळतं का काही?" रोज म्हणते, "न्हाई." आज वैतागून म्हणाली, "कळलं की सांगीन. रोज रोज काय इचारता?"

माझंच चुकतं. पण विचारल्याशिवाय राहवत नाही, आणि "नाही" ऐकलं की जेवण जात नाही.

२८ डिसेंबर, रविवार

सहादेव आला. मी त्याला सगळं दाखवायला घेतलं. पायाची पट्टी, पुली, कुंचा, दोन कढया. माणूस ऐकणारा निघाला, आणि ऐकणारा मिळाला की मला थांबता येत नाही. ही आपली कढईवर, गोजरबाई भराभर झारा मारतेय, पाहुण्यापुढे हात जास्तच चालला होता तिचा. कोपराचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही.

आणि एकदम किंकाळी. "आई आई गं!"

हिने हात असा ओढला की कढईतलं पाणी सहादेवच्या धोतरावर. मग माझ्याकडे वळून जी सुरू झाली! "डोळं फुटलं का तुमचं? एक काम दिलंय, येवढं एक! पानी बघाया बसवलंय का गप्पा मारायला? भाजला की माझा हात!"

सहादेव अवघडून धोतर झटकत होता. गोजरबाई झारा धरून तशीच उभी.

मी विचारलं, "कळलं?"

"काय कळलं? पोळलं!" आणि बोलता बोलता ती थांबली. आपल्या बोटांकडे बघितलं. मग हळूच एक बोट पुन्हा पाण्याला लावलं, आणि चटकन मागे घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा घेतलं. गोजरबाईने पदर तोंडाला लावला.

मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदम, परक्या माणसासमोर. सहादेव मला हळूच म्हणाला, "माल निऊ ना म्या?" मी मानेनेच हो म्हटलं.

"हसताय काय बावळटासारखं?" ही ओरडली. "थंड पानी आना आधी!"

मी घागर आणायला पळालो.